मुक्या पाण्याची वाट

आम्ही माहूरच्या डोंगरात शिरलो ते पाणी शोधायला. तहान लागली होती म्हणून नव्हे. तहान आमच्या लातुरातही मुबलक होती. जिल्हा नवा होऊन तिसरं वर्ष चाललं होतं आणि त्या तीन वर्षांत पावसाने जिल्ह्याकडे नीट ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बाकी सगळं आलं. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांवर पाट्या आल्या आणि त्याच ओघात आमचं गिरिभ्रमण मंडळही स्थापन झालं. मंडळाला अध्यक्ष होता, शिक्का होता, दोनशे फूट दोर होता. फक्त गिरी नव्हता. सराव आम्ही गावाबाहेरच्या एका पाण्याच्या टाकीच्या खांबांवर करायचो. टाकी कोरडी ठणठणीत असल्यामुळे आमच्या चढण्या-उतरण्याने कुणाचं काही बिघडत नसे.

अध्यक्ष विरूपाक्ष. उदगीरला कापडाचं दुकान आणि माझा शाळेपासूनचा सोबती. पँट घालणाऱ्या गिऱ्हाइकाला धोतरजोडी विकून वर त्याच्याकडून आभार मानून घेणारा माणूस. त्याने कुठूनसं ऐकलं की, डोंगरातली तीन दिवस चालण्याची वाट आणि त्या वाटेवर बारमाही पाणी दाखवलं, की साहसी पर्यटनाचं कायमचं शिबिर मंजूर होतं. डोंगर शेजारच्या जिल्ह्यातला असला तरी चालतो. माहूरच्या रानात असं पाणी आहे आणि त्याला 'मुकं पाणी' म्हणतात, हेही त्याला कळलं होतं. झिरपताना आवाज करत नाही म्हणून मुकं. कुठे आहे हे ज्यांना ठाऊक होतं, ती माणसं पाण्याहून मुकी होती.

तिसरी रुद्राणी. मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची आणि गिर्यारोहणाचं शिक्षण खऱ्याखुऱ्या डोंगरावर घेतलेली आमच्यातली ती एकटीच. मी संगप्पा. माझ्याकडे शिध्याचं खातं होतं. माझ्या पोटाकडे पाहून ते मला बिनविरोध मिळालं होतं.

चौथी सरजाबाई आम्हाला माहुरात भेटली. देवीच्या पायऱ्यांखाली ती तेंदूची टेंभरं विकत बसली होती. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण.

"बाई, मुकं पाणी दाखवशील का?" विरूपाक्षाने विचारलं.

"कायले?"

"शहरातली लेकरं येतील रानात चालायला. शिबिर होईल. तुमच्या वस्तीचं नाव होईल."

"नाव हाय आमच्या वस्तीला," ती म्हणाली आणि टेंभरं निवडू लागली.

मग तिची नजर रुद्राणीच्या कमरेकडे गेली. तिथे सहा लोखंडी मेखा लटकत होत्या.

"हे काय व्हय, पोरी?"

"मेखा. कड्यात ठोकायच्या आणि दोर बांधायचा."

"माणसाचं वजन धरते?"

"दोघांचं धरते, मावशी."

सरजाबाईने टोपली बाजूला सारली. मुकं पाणी कड्याच्या पोटात होतं. तिच्या वस्तीवरून तिथे जायला पाऊलभर रुंदीची एकच वाट, आणि त्या वाटेचा दहा हातांचा तुकडा गेल्या पावसात खाली गेला होता. तेवढाच काय तो पाऊस पडला होता. आता बाया दोन बांबू टाकून डोक्यावर घागर घेऊन पलीकडे जात होत्या.

"होळीच्या आधी माही जाऊ पडली," ती म्हणाली. "घागर सापडली."



तिचा सौदा साधा होता. वीस मेखा आणि दोर तिच्या वाटेवर ठोकून द्यायचा, आणि तो तिथेच राहील. बदल्यात ती पाणी दाखवणार. पण पाहायचं आणि परत जायचं. कागदावर लिहायचं नाही, वाटेवर खूण करायची नाही, कुणाला सांगायचं नाही.

"मग शिबिराचं कसं करायचं काका?" रुद्राणीने हळूच विचारलं.

"दुसरं पाणी शोधू," विरूपाक्ष लगेच म्हणाला. "एवढ्या डोंगरात एकच हाय का? आधी बायांची वाट. मंडळाच्या मेखा लॉजवर हायत, मी सोता पाठीवर घेऊन येतो."

त्याने शर्टाच्या आतून गळ्यातलं इष्टलिंग काढलं, डाव्या तळहातावर ठेवलं आणि शपथ घेतली. आम्हा लिंगायतांत ती वस्तू हातात घेऊन खोटं बोलत नाहीत. सरजाबाईला ते ठाऊक नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"दादा, या शेटच्या शपथेले वजन किती?"

"माझ्याएवढं," मी म्हणालो. "मी जामीन."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वजन तर हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला आम्ही निघालो. तिघांच्या खांद्यावर पाण्याची एकेक कॅनव्हासची छागळ, माझ्या पाठीवर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, विरूपाक्षाच्या पाठीवर मेखांची जड पिशवी. ती तो कुणाला उचलू देईना. सागाला पान नव्हतं. हजारो झाडं उघडी उभी होती आणि त्यांची सावली काठीएवढी. पायाखाली वाळक्या पानांचा एवढा आवाज व्हायचा की बोलायचं तर थांबून बोलावं लागे. खाली दूर पैनगंगेचं पात्र दिसायचं, नुसत्या वाळूचं, जसं कुणी नदी उचलून तिचं अंथरूण तेवढं मागे ठेवलंय.

सरजाबाई सरळ चालत नव्हती. एक टेकाड तिने दोनदा ओलांडलं.

"बाई, इथून मघा गेलो होतो की," मी म्हणालो.

"हाव. ध्यानात राहू नाही म्हणून फिरवून राहिले तुमाले."

एवढा उघड कारभार मी अख्ख्या सरकारी नोकरीत पाहिला नव्हता. विरूपाक्ष सगळ्यांच्या मागे चालायचा. कुणी मागं पडू नये म्हणून, असं तो म्हणायचा. कधी कधी बराच मागे राहायचा, मग घाम पुसत येऊन मिळायचा. पोट बिघडलंय म्हणाला. वयाचा माणूस, एवढा मोठा मंडळाचा अध्यक्ष, आणि शेपटीला चालतो. मला त्याचं कौतुक वाटलं. मी ते बोलूनही दाखवलं.

जिथे पहिला मुक्काम ठरला होता त्या डबक्यात रानडुकरांनी उकरलेला चिखल होता, तोही वाळलेला. सकाळी मी आणि विरूपाक्षाने छागळीतलं पळीभर पाणी दोघांत घेतलं, लिंगपूजा उरकली आणि मगच भाकरीला हात लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घळ आली. उभी घळ, आणि तिच्यात वरपासून खालपर्यंत सुटे दगड. रुद्राणी दोर कमरेला बांधून पुढे उतरली. आमच्या तिन्ही छागळी तिच्या पाठीवर होत्या, म्हाताऱ्यांचा भार कमी व्हावा म्हणून. दोराचं दुसरं टोक विरूपाक्षाच्या हातात. मी त्याच्या मागे.

एक दगड हलला. मग सगळे हलले!

रुद्राणी दिसेनाशी झाली. धूळ उठली. दोर सापासारखा सळसळत निघाला. विरूपाक्ष ओढला गेला, गुडघ्यांवर आला, छातीवर आला. "सोड!" मी ओरडलो. का ओरडलो, कुणास ठाऊक. त्याने सोडला नाही. मी त्याचे पाय धरले. सरजाबाईने माझं धोतर धरलं. दोर ताणला, थरथरला आणि थांबला.

धूळ बसली तेव्हा रुद्राणी खाली वीस हातांवर लोंबकळत होती. जिवंत. घोटा सुजून कलिंगडाएवढा होण्याच्या बेतात. विरूपाक्षाच्या दोन्ही तळहातांची सालटी निघाली होती. तो ते हात पुढे धरून बसला आणि हसला. "टाकीवर असा सराव झाला नव्हता गा संगप्पा," तो म्हणाला. त्या क्षणी त्याने माझं घर मागितलं असतं तरी मी दिलं असतं.

तिन्ही छागळी दगडांनी फाडल्या होत्या. खालचा ओला डाग आमच्या डोळ्यांदेखत वाळला. एका छागळीच्या कोपऱ्यात घोटभर राहिलं होतं, ते रुद्राणीला दिलं. तिला बांबूच्या आधाराने चालवत, उचलत आम्ही दिवस मावळायला एका कपारीत पोचलो. जीभ टाळूला चिकटली होती. सरजाबाईने आम्हाला चार टेंभरं दिली आणि म्हणाली, "आता जवळ हाय. पहाटे मी वस्तीवर जाते, पाणी घेऊन येते. मंग मेखा ठोकू. तोवर इथून हलू नका."

आम्ही हलण्याच्या स्थितीत नव्हतो. म्हणजे मी आणि रुद्राणी नव्हतो.

सकाळ झाली. सरजाबाई गेलेली होती. रुद्राणी डोळे मिटून पडली होती, ओठ फुटले होते. मी कपारीबाहेर बसून लिंग तळहातावर घेतलं आणि पाण्याविना नुसतं भस्म लावून हात जोडले. देवाला परिस्थिती दिसतच होती. भाकरीचं फडकं मी उघडलं नाही; पाण्याशिवाय पूजा पुरी झाली नव्हती आणि पुरी न झालेल्या पूजेनंतर जेवण नाही. शिवाय थुंकीच नव्हती, भाकरी गिळणार कशी?

तेवढ्यात झाडांमागून विरूपाक्ष आला. पोट बिघडलेलंच होतं म्हणाला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, ताजे. माझ्याशेजारी बसला, फडकं सोडलं, अर्धी भाकर मोडली, चटणी लावली आणि खाल्ली.

मी पाहत राहिलो. एकदा परळीच्या गाडीत आमची पाण्याची सुरई फुटली होती. हा माणूस दिवसभर उपाशी आला. डब्यातल्या सगळ्यांनी आग्रह केला, मी स्वतः त्याच्या देखत दोन जणांचं जेवलो, तरी याने घास तोंडात घातला नाही. त्याचं दुकान बुडो, घर जळो, लिंगाला पाणी घातल्याखेरीज विरूपाक्ष जेवत नाही. बत्तीस वर्षांत जेवला नव्हता.

"विरूपाक्षा," मी म्हणालो, "तू भाकर खाल्लीस."

"मग? भूक लागली."

"मी काय म्हणतोय ते तुला कळतंय."

त्याचा हात फडक्यावर थांबला. रुद्राणीने डोळे उघडले.

"कुठाय पाणी?" मी विचारलं.

त्याने फडक्याची गाठ बांधली. बोलला असता तर बरं झालं असतं. खोटं बोलण्याइतकी तरी मैत्री शिल्लक आहे असं वाटलं असतं. रुद्राणी सरपटत त्याच्या पिशवीपाशी गेली. तिने गाठ सोडली. आत एकही मेख नव्हती. रंगाचे पाच डबे होते, लाल, त्यातले दोन रिकामे. आणि एक ब्रश.

"मेखा कुठायत काका?"

"लॉजवर," तो म्हणाला. "दोन्हीचं वजन झेपलं नसतं."

तो मागे का चालत होता ते आता कळलं. प्रत्येक वळणावर, प्रत्येक फाट्यावर, आम्ही पुढे गेलो की एक लाल बाण. आणि आज पहाटे सरजाबाईच्या मागोमाग, थेट पाण्यापर्यंत.

सरजाबाई आली ती डोक्यावर घागर घेऊन. तिने घागर उतरवली, रुद्राणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओंजळीने पाणी पाजलं. मग मला. मग घागर विरूपाक्षाकडे न सरकवता ती बसली.

"मी पयल्या घागरी वस्तीवर टाकाले गेली, तेवढ्यात कोणी तरी येऊन गेलं," ती म्हणाली. "बुटाचा ठसा हाय. खडकावर लाल रंग हाय, ओला. आन् भरत ठेवलेली घागर अर्धी करून ठेवली."

"बाई, ऐकून घे," विरूपाक्ष म्हणाला. "साठ पोरं येतील. दोन मास्तर, एक सयपाकी. वस्तीच्या माणसांना काम मिळल. रस्ता व्हईल. तुझ्या मेखा काय, लोखंडी पूल व्हईल इथं."

"साठ पोरं आंघोळ करतीन का?"

"करतील की."

"मुकं पाणी अर्ध्या घंट्याले एक घागर देते. अकरा घरं. घराले दोन घागरी. दिवस उगवते तवापासून बुडेपर्यंत तेवढंच होते, शेट. तुमी अर्धी घेतली, आज नागूच्या घरी दीड हाय. आन् हे," तिने आमच्यासमोरच्या घागरीवर हात ठेवला, "हे माह्या घरची. आज माह्या घरी एक हाय."

मी तोंडातला घोट कसा गिळला ते मला आठवत नाही. गिळला मात्र.

"शपथ पाणी पाहायच्या आधीची होती," विरूपाक्ष माझ्याकडे वळून म्हणाला. "संगप्पा, तू तरी समजून घे. आपल्या जिल्ह्याला काय हाय? सांग काय हाय?"

"मेखा ठोकू," मी म्हणालो. "रुद्राणीच्या सहा आहेत."

"मी ठोकतो," तो उठला आणि सालटी गेलेले हात पुढे केले. खरंच ठोकल्या असत्या त्याने. म्हणून तर जास्त राग आला.

सरजाबाई म्हणाली, "न्हाई. त्या हातानं शपथ घेतली होती. माह्या वाटेले तो हात नको."

विरूपाक्षाने हात खाली घेतले. मग तो काही न घेता, पिशवीसुद्धा न घेता, आल्या वाटेने निघाला. रस्ता चुकण्याची त्याला भीती नव्हती. त्याचे बाण होते. मी हाक मारली नाही. त्यानेही वळून पाहिलं नाही.

मुकं पाणी मी पाहिलं. कड्याच्या पोटात एक कपार, कपारीत ओलसर काळा खडक, आणि त्या खडकावरून अजिबात आवाज न करता खालच्या घागरीत उतरणारी एक रेघ. एवढंच. या रेघेसाठी आम्ही मंडळ काढलं होतं. जवळच्या दगडावर लाल बाण होता, चांगला हातभर लांब, आणि त्याने तो तुटलेल्या वाटेकडे पाठ करून काढला होता.

रुद्राणी काठीच्या आधाराने वाटेच्या तोंडाशी बसली आणि तिथून सांगू लागली. "काका, भेगेत आडवी घाला. उभी नको. मारा!"

मी मारली. खाली पाहू नको म्हणाली म्हणून पाहिलं. खाली सागाची झाडं जिऱ्याएवढी दिसत होती. पोट कड्याला लागायचं आणि मी बाहेर ढकलला जायचो. सरजाबाई अनवाणी, मागे, एका हाताने माझा कमरपट्टा धरून.

पहिली बसली. दुसरी बसली. तिसरीला खडक फुटला. मेख उडाली, माझा पाय सुटला! बांबू कडाडला. एक क्षण मी आणि सगळं माहूर हवेत होतो. सरजाबाईने ओढलं, मी कड्याला पालीसारखा चिकटलो. हातोडा हातातच होता.

"मारा," ती म्हणाली. "घाबराचं काम मंग."

पाच मेखा बसल्या. दहा हातांना पाच. दोर ओवला, ताणला, रुद्राणीने लांबून गाठी तपासल्या. संध्याकाळी एक बाई भरली घागर डोक्यावर घेऊन, एक हात दोराला धरून पलीकडे गेली. दहापैकी सहा हात तिला दोर होता. पुढचे चार हात मेखा नव्हत्या. तिथे ती दोर सोडून पूर्वीसारखीच बांबूवरून गेली. मी ते चार हात मोजले.

उरले बाण. मी आधी दगडाने घासून पाहिलं. रंग गेला, पण घासल्याची खूण रंगाहून ठळक दिसू लागली. मग रंगाचे तीन डबे माझ्या डोळ्यांपुढे आले.

"सरजाबाई, खाली डांबरी रस्ता कुठल्या अंगाला?"

तिने दाखवलं. पाण्याजवळचे आठ-दहा बाण आम्ही चिखल-शेणाने लिंपून टाकले. बाकीचे फिरवले. दोन दिवस लागले. रुद्राणी लंगडत, मी ब्रश घेऊन, सरजाबाई पुढे. प्रत्येक बाणाचं शेपूट माती लावून मोडायचं आणि तोंड दुसरीकडे काढायचं, सोप्या उताराने, रस्त्याच्या दिशेला. कुणी तहानेने मरू नये एवढी काळजी घेतली. मंडळाचा मी आजीव सभासद होतो. मंडळासाठी एवढं मन लावून काम मी पहिल्यांदाच केलं.

माहूर दिसू लागलं तिथे सरजाबाई थांबली.

"जातो," मी म्हणालो. "बाई, माझ्यामुळे..."

"तुमी जामीन होता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. "तुमचं मन चांगलं हाय, दादा. पण तुमचं मन पाहून मी घरात पाणी कमी करून बसली. आता येऊ नका."

पाऊस पडायच्या आत शिबिरासाठी सरकारी पाहणी पथक आलं. विरूपाक्ष त्यांच्याबरोबर होता. सरजाबाईने एवढं फिरवून नेलं होतं की बाणांशिवाय त्याला दिशा ठाऊक नव्हती, आणि बाण तर त्याचेच होते. दोन दिवस पथक मोठ्या शिस्तीत लाल बाणांमागून चाललं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माहूरच्या बसस्थानकामागच्या उसाच्या रसवंतीपाशी उतरलं. सगळ्यांनी बर्फ घालून रस घेतला. अहवालात लिहिलं, चालण्यास वाट उत्तम, निसर्ग रमणीय, पाणी आढळले नाही. शिबिर दुसऱ्या जिल्ह्याला गेलं.

विरूपाक्ष माझ्या घरी आला तो आठवड्याने. चहा घेतला. तळहातांवर नवी गुलाबी कातडी आली होती.

"बाण तू फिरवलेस," तो म्हणाला.

"हाव."

"मला तोंडघशी पाडलंस संगप्पा. पंधरा माणसांपुढं. तुझ्यावर भरवसा ठेवून मी तुला बरोबर नेला होता."

त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. फसवणूक झालेल्या माणसाचं पाणी ओळखू येतं. माझ्या डोळ्यांतलंही त्याच जातीचं असावं. त्याने बशीतला चहा संपवला आणि तो गेला. उदगीरला त्याच्या दुकानावरून मी जातो, तो मान हलवतो, मीही हलवतो.

दिवाळीच्या सुट्टीत रुद्राणी माहूरला गेली. बरोबर पंधरा मेखा, एक हातोडा. पायऱ्यांखाली सरजाबाई सीताफळं विकत होती. मीही तिच्याबरोबर आलो होतो, पण समोर गेलो नाही; खालच्या एका दुकानाआड उभा राहिलो.

सरजाबाईने एकेक मेख हातात घेतली, टोक बघितलं, दगडावर वाजवून पाहिली. भेगेत आडवी कशी घालायची ते तिने रुद्राणीकडून दोनदा करवून घेतलं, तिसऱ्यांदा स्वतः केलं.

"मी येऊ का मावशी ठोकायला? एकटीच येते. कुणाला सांगत नाही."

"न्हाई पोरी." तिने मेखा लुगड्याच्या पदरात गुंडाळल्या. "आता आमाले येते."

रुद्राणीला दोन सीताफळं मिळाली. मग सरजाबाईने तिसरं काढलं, मान न वळवता मी लपलो होतो त्या दुकानाच्या दिशेला बोट केलं आणि म्हणाली, "हे त्याहिले दे. आन् म्हण, घरी जाऊन खा."